आधी गंजी, मग घोडी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्धा जिल्ह्यात आर्वीच्या बाजूला सहा एकर वडिलोपार्जित वावर, एक विहीर आणि गुरांचा जुना मोठा कोठा आहे. आजोबांच्या काळात दारात घोडी असायची, गावात घर अजून त्या घोडीवरूनच ओळखलं जातं. आता दोघे भाऊ पाच घोडे घेऊन घोडेस्वारी शिकवायचं केंद्र काढणार, घरचीच माणसं राबणार. जागा, खाणं, घोड्यांची निवड, आजार, शिकवणं यांची तयारी कशी करावी, आणि या डिसेंबरात सारंगखेड्याहून घोडे आणावेत का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: या डिसेंबरात आणू नका. दत्तजयंतीच्या यात्रेला जरूर जा, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतही फिरा, भाव ऐका, दात बघायला शिका आणि रिकाम्या हातानं परत या. घोडे पुढच्या डिसेंबरात आणा. मधलं एक वर्ष चारा, पाणी, सावली आणि माणूस उभा करायला लागतं. विदर्भात अशी केंद्रं बुडतात ती गिऱ्हाईक नाही म्हणून क्वचितच. एप्रिलमध्ये चाऱ्याची गंजी संपते, मेमध्ये विहीर तळाला जाते, ढेप, कुटार (मळणीतला भुसा) मिळेल ते पुढ्यात टाकलं जातं आणि जूनच्या पहिल्या पावसात घोडा पोटशुळानं लोळतो. नुकसान तिथं होतं. डिसेंबरच का, तर नव्या घोड्याला रुळायला थंडीचे तीन महिने मिळतात. एप्रिलमध्ये आणलेला घोडा प्रवासाचा ताण आणि ऊन एकदमच झेलतो.

चाऱ्याचा हिशेब मांडू. ३५० किलोच्या घोड्याला रोज वजनाच्या दोन टक्के, म्हणजे ७ किलो सुका चारा लागतो. पाच घोड्यांचे रोज ३५ किलो, वर्षाचे पावणेतेरा टन. भिजणं, उंदीर आणि पायदळी जाणं धरून १५ टन चारा गंजीत असेल तरच घोड्यांचा विचार करावा. आपल्या भागात सोयाबीन आल्यापासून ज्वारीचा पेरा आटला, त्यामुळे कडबा ऐन वेळी मागून मिळत नाही. गावातल्या चार-पाच ज्वारीवाल्यांशी पेरणीच्या वेळीच बोलून ठेवा, थोडी उचल द्या. आजोबांच्या नावाची पुण्याई इथं कामाला येते. बाजारभावाच्या वर दोन पैसे दिले तरी चालतील, पण परतीच्या पावसात भिजलेला कडबा नको. ताट मोडून बघा. आतला गाभा पांढरा-पिवळसर आणि वास गोडसर असेल तर ठीक. गाभ्यात काळे ठिपके, पेऱ्यापाशी करडी पूड, नाकाला कुबट वास, यातलं काहीही दिसलं तर ती पेंढी बैलालाही देऊ नये, घोड्याला तर मुळीच नाही.

हिरव्या ज्वारीबद्दल एक गोष्ट दुधाळ जनावरं पाळणाऱ्यांना सहसा माहीत नसते. कोवळी किंवा ताण बसलेली ज्वारी गाईला विषारी ठरते हे सगळ्यांना ठाऊक आहे. घोड्याच्या बाबतीत त्यापलीकडचा धोका आहे. हिरवी ज्वारी किंवा सुदान गवत आठवडे-आठवडे चारलं तर मूत्राशय आणि मागच्या पायांच्या नसा कायमच्या दुबळ्या होऊ शकतात. लघवी ठिबकत राहते, मागचा भाग झोकांड्या खातो, आणि तो घोडा सहसा पूर्ववत होत नाही. चांगला वाळलेला कडबा द्या, हिरवी ज्वारी वर्ज्य करा.

आता कुटार. हरभऱ्याचं आणि तुरीचं कुटार एकूण चाऱ्याच्या पाव हिश्शापर्यंत चालतं, तेही पाण्याचा हबका मारून धूळ बसवल्यावर. सोयाबीनचं कुटार मात्र टाळाच. थ्रेशरमधून निघालेल्या त्या काड्या टणक आणि टोकदार असतात, वर बारीक धूळ. पाणी कमी पडलं की आतड्यात बोळा बसतो, आणि धुळीनं खोकला लागतो तो वेगळाच. कडब्याची कुट्टीही गाईसाठी करतात तशी बारीक करू नका. चार-पाच सेंटिमीटरचे तुकडे राहू द्या, म्हणजे घोडा चावून खातो. बारीक कुट्टी तो तशीच गिळतो आणि ती घशात अडकते.

सहा एकरांत बरड तुकडा असेलच. तिथं मारवेल, पवन्या ही गवतं राखा. आपल्याकडे गवत दिवाळीनंतर, वाळून कडक झाल्यावर कापायची रीत आहे. तोवर कस गेलेला असतो आणि कुसळी तयार होऊन घोड्याच्या ओठात, जिभेखाली रुतते. फुलोऱ्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उघडीप बघून कापा, दोन-तीन दिवस उलथापालथ करून वाळवा आणि हिरवट रंग असतानाच गंजी लावा. मुठीत पिळल्यावर ओल लागली तर गंजी आतून तापते.

लसूणघास अर्धा एकर पुरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाच किलो बी पेरा. पहिली कापणी ५५ ते ६० दिवसांनी, नंतर दर २५ ते ३० दिवसांनी. घोड्यामागे रोज ५ ते ६ किलो, कापून चार तास सुकवूनच. नेपियर हे गाईसाठी उत्तम गवत, त्याची बेटं आता गावोगाव आहेत, पण ते घोड्याचा मुख्य चारा होऊ शकत नाही. त्यातलं ऑक्झलेट चाऱ्यातला कॅल्शियम बांधून टाकतं. त्यावर कोणी रोज दोन किलो गव्हाचा कोंडा चारला तर कोंड्यातला फॉस्फरस कॅल्शियमची ही तूट आणखी वाढवतो. शरीर हाडांतून कॅल्शियम ओढायला लागतं, गालफडं सुजल्यासारखी फुगतात, घोडा कधी या पायानं तर कधी त्या पायानं लंगडतो आणि कारण मात्र खुरात शोधलं जातं. कोंडा अर्ध्या किलोवर नेऊ नका, आणि ज्या दिवशी द्याल त्या दिवशी पशुखाद्याची चुनखडी ३० ग्रॅम मिसळा.

चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, कष्टाप्रमाणे द्यावी. शिकवणीच्या घोड्याला दीड ते दोन किलो दिवसाला, दोन किंवा तीन वेळांत विभागून. दोन भाग सातू किंवा जई आणि एक भाग आठ तास भिजवलेला हरभरा, असं मिश्रण आपल्याकडे जमतं. जवस आपल्या वावरातलंच आहे, मूठभर रोज दिलं तर कातडी चकाकते. मात्र ते उकळूनच द्यायचं, नुसतं भिजवलेलं जवस घातक. सरकीची ढेप चंदीत नको, तिच्यातलं गॉसिपॉल आणि साठवणीत चढणारी बुरशी दोन्ही घोड्याला मानवत नाहीत. गाई-कोंबड्यांच्या तयार खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं. ते गाईला चालतं, घोड्याच्या हृदयाचे स्नायू निकामी करतं, आणि अगदी थोडी मात्रा पुरते. म्हणून घोड्यांचा दाणा वेगळ्या कोठीत, वेगळ्या मापानं, वेगळ्या घमेल्यात. घरात गाई असतील तर हा नियम लहान पोरांनाही पाठ हवा.

धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या झाडांकडेही बघा. बेशरमचं कुंपण उपटून काढा. कण्हेर अंगणातही नको, तिची मूठभर पानं मोठ्या घोड्याला पुरतात. एरंडाच्या बिया आणि धोतरा तितकेच वाईट. घाणेरी खाल्ली तर यकृत बिघडतं आणि गोऱ्या कातडीचा भाग उन्हात भाजतो. सुबाभूळ बकरीला चालतं, घोड्याच्या आयाळीचे आणि शेपटीचे केस त्यानं झडतात. आणि जुलै ते ऑक्टोबर ज्या कपाशीच्या धुऱ्याला फवारणी झाली तिथलं गवत कापून आणू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, तेच औषध धुऱ्याच्या गवतावरही बसतं.

पाण्याचं गणित मे महिन्यासाठी मांडा. प्यायला घोड्यामागे ५० ते ६० लिटर, अंगावर ओतायला तितकंच किंवा जास्त. पाच घोड्यांना दिवसाला ७०० लिटर धरा, आणि सात दिवस पुरेल अशी ५,००० लिटरची टाकी सावलीत बसवा. विहिरीचं पाणी तपासून घ्या. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात ही तपासणी आणखी गरजेची. क्षार प्रतिलिटर ३,००० मिलिग्रॅमच्या वर गेले की घोडा पाणी कमी पितो, आणि आपल्याकडच्या बहुतेक पोटशुळांची सुरुवात तिथूनच होते. मीठ रोज घोड्यामागे ३० ग्रॅम, उन्हाळ्यात काम असेल तेव्हा ५० ते ६०.

आपला उन्हाळा दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींत चूक वेगवेगळी होते. नवतपात ४५ अंशांच्या कोरड्या हवेत घाम लगेच उडतो, अंग कोरडं दिसतं, म्हणून घोडा ठीक आहे असं वाटतं. आत पाणी आणि मीठ झपाट्यानं कमी होत असतं. त्याहून फसवा असतो पहिला पाऊस पडून गेल्यावरचा जून आणि भादव्यातला उकाडा. ३५ अंश बघून आपण निर्धास्त होतो, पण हवा दमट असल्यानं घाम वाळत नाही आणि अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. मार्चअखेर ते जूनमध्यापर्यंत काम फक्त पहाटे साडेपाच ते आठ. संध्याकाळी काम नाही, नुसतं फिरवायचं तरी मातीवर पालथा हात पाच सेकंद ठेवता आला तरच घोडा बाहेर काढा.

काम झाल्यावर काय बघायचं ते नीट सांगतो, कारण हे रोजचं आहे. निवांत घोड्याच्या नाडीचे ठोके मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेवर दोरीसारखी धमनी बोटाखाली सरकते, तिथं १५ सेकंद ठोके मोजून चारनं गुणा. उतरल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत ठोके ६० च्या खाली आले पाहिजेत. नाही आले तर त्या दिवशीचं काम संपलं. गुदद्वारातला थर्मामीटर ४० च्या वर दाखवू लागला की सावलीत उभा करून मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत आणि पायांवर गार पाणी सतत ओता. ओता, चार पावलं चालवा, पुन्हा ओता. तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकलं की तो आखडतो असा जुना समज आहे, त्यापायी लोक पाणी रोखून धरतात आणि घोडा हातचा जातो. प्यायलाही द्या, थोडं-थोडं, मध्ये चालवत. ४१ च्या वर ताप, घाम बंद आणि कातडी कोरडी-गरम असेल तर एकानं पाणी ओतत राहायचं आणि दुसऱ्यानं डॉक्टरांना फोन करायचा.

कोठ्याची पागा होऊ शकते, पण बदल करून. एका घोड्याला १२ बाय १२ फूट जागा, वर किमान १२ फूट उंची, लांबी पूर्व-पश्चिम. टिनाच्या छपरावर पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या) किंवा तणसाचा (धानाच्या काडाचा) फूटभर थर चढवा आणि कडेनं हवा खेळायला दोन फूट मोकळं ठेवा. जमीन फरशीची नको, घोडा घसरतो. मुरूम आणि माती ठोकून, लघवी वाहून जाईल असा उतार काढा. भंडारा-गोंदियाकडून तणस आणता आलं तर अंथरायला उत्तम. गव्हाण छातीच्या उंचीवर नको, खाली ठेवा. डोकं खाली ठेवून खाल्लं की नाकातली धूळ बाहेर पडते. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्याचे तीन महिने खूर ओले राहतात, तळातला त्रिकोणी मऊ भाग काळा पडून सडतो आणि घाण वास येतो. रोज संध्याकाळी आकड्यानं खूर खरवडा, टाचेकडून टोकाकडे. पावसाळ्यात उभं राहायला मुरमाचा कोरडा ओटा हवाच.

रिंगण २० बाय ४० मीटर पुरतं, आणि ते काळ्या जमिनीवर नुसती वाळू टाकून होत नाही. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात वाळू खाली आणि चिखल वर. वरची फूटभर काळी माती काढा, चारी बाजूंनी चर काढा, १५ सेंटिमीटर मुरूम दाबून बसवा. दबून कमी होतो हे धरून साधारण ५३ ब्रास लागतो. त्यावर सहा सेंटिमीटर वाळू, म्हणजे १७ ब्रास. दहा सेंटिमीटर वाळू टाकली तर पायाच्या शिरा ताणतात, म्हणून जास्त टाकायचा मोह नको. मुरूम-वाळूचं स्वामित्वधन तहसीलमध्ये भरून पावती ठेवा. कुंपण गडचिरोलीच्या बांबूचं किंवा बल्ल्यांचं, साडेचार फूट उंच. काटेरी तार घोड्याला कधीच नको, बिचकलेला घोडा तिच्यातून पाय ओढतो आणि कातडं सोलून निघतं.

घोडे निवडताना रंगाला आणि भोवऱ्यांना किंमत देऊ नका. यात्रेत देवमण, पंचकल्याणी, नुकरा म्हटलं की भाव चढतो. शिकाऊ माणूस पाठीवर बसवायचा तर या गोष्टींचा उपयोग नाही, उलट नुकऱ्याच्या गुलाबी नाकाला आपलं ऊन जाळतं. आठ ते चौदा वर्षांचा, खच्ची केलेला घोडा किंवा शांत घोडी, उंची ५६ ते ६० इंच. मारवाडी, काठियावाडी किंवा त्यांचा संकर चालेल. लहान मुलांसाठी भीमथडी किंवा मेंढपाळांकडची तट्टं फार चांगली, काटक आणि पाय पक्के. वरातीत नाचवलेला घोडा स्वस्तात मिळतो, पण तो लगाम लागताच पाठ पोकळ करून उड्या मारायला शिकलेला असतो, त्याला नवशिक्याखाली विसरायला वर्ष जातं. पाठीवर मानेच्या मुळाशी पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर ती खोगीर लागून झालेल्या जखमांची खूण. तिथं बोट दाबून बघा, घोडा दबला तर सोडून द्या. एकच घोडा दोनदा बघा, एकदा दुपारी आणि एकदा पहाटे चंदीच्या आधी. उपाशी-तहानलेला किंवा औषध दिलेला घोडा दुपारी गरीब वाटतो. चारही पाय उचलून बघा, कडक जमिनीवर दुडकी चालवा, मान वर-खाली होत असेल तर पाय दुखतो आहे. अर्धा तास स्वतः बसून फिरवा.

घोड्याचं वजन काट्याशिवाय काढता येतं. कोपरामागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीनं गुणा आणि ११,८८० नं भागा. घेर १६० आणि लांबी १४५ असेल तर ३१२ किलो. खोगिरासकट स्वार या वजनाच्या वीस टक्क्यांत बसला पाहिजे, म्हणजे ६२ किलो. खोगीर आठ किलोचं धरलं तर माणूस ५४. उन्हाळ्यात पंधरा टक्के धरा, मग त्या घोड्यावर ३९ किलोपर्यंतची पोरंच. दाराशी वजनकाटा ठेवा आणि नव्वद किलोच्या पाहुण्याला मानानं नाही म्हणा. खुर्चीवर बसवून चहा द्या, घोड्याला खरारा करू द्या, तोही अनुभव आहे.

आजारांत विदर्भात सर्वांत चकवा देणारा सर्रा. डास नव्हे, मोठी घोडमाशी म्हशीच्या अंगावरून उठून घोड्याला चावते आणि रक्तातला परजीवी नेऊन टाकते. म्हशीत बहुधा लक्षणं दिसत नाहीत, घोडा महिनाभर झिजतो. चंदी नीट खाऊनही वाळणं, येऊन-जाऊन ताप, पोटाखाली आणि पायांवर सूज, मागचा भाग लुळा पडणं ही लक्षणं. पावसाळ्यात आणि त्यानंतर असं दिसलं की ताप चढलेला असतानाच रक्त काढून तपासा, उतरल्यावर परजीवी काचेवर सापडत नाही. क्विनापायरामिन हे औषध आहे, पण मात्रा आणि वेळ डॉक्टरच ठरवतील, चुकीची मात्रा जीव घेते. पागा म्हशींच्या गोठ्यापासून जितकी लांब तितकं बरं. धनुर्वाताची लस प्रत्येक घोड्याला पहिल्यांदा दोन, चार आठवड्यांच्या अंतरानं, मग दरवर्षी. लिदीत ते जंतू असतातच, एक गंजका खिळा पुरतो.

पोटशूळ उठला की घोडा पोटाकडे बघतो, पायानं माती उकरतो, उठबस करतो, लोळतो. चारा काढून घ्या, ठोके मोजा, बरगडीमागे कान लावून आतड्याचा आवाज ऐका. ठोके ६० च्या वर किंवा आवाज पूर्ण बंद असेल तर तो वाट बघत थांबण्याचा आजार नाही. बांबूच्या नळीनं तेल किंवा दारू पाजणं ही खेड्यातली जुनी सवय बंद करा. घोड्याला ओकता येत नाही, आणि जबरीनं पाजलेलं फुप्फुसात उतरतं. डॉक्टर नाकातून नळी थेट जठरात नेतात, ते वेगळं काम आहे. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला दोन-अडीच तासांच्या अंतरावर आहे, तिथं घोडा चढवायचा झाला तर गाडी कोणाची, हे आधीच ठरलेलं हवं.

नालबंदाचा प्रश्न खरा अवघड आहे. बैलाला पत्री मारणारा माणूस घोड्याला नाल मारू शकत नाही, खूर वेगळा आणि खिळ्याची दिशा वेगळी. दर सहा आठवड्यांनी येणारा माणूस ठरल्याशिवाय घोडे घेऊ नका. रिंगणातल्या वाळूवर काम असेल तर बहुतेक घोडे बिननालाचे चालतात, फक्त खूर वेळेवर घासले पाहिजेत. घरातल्या एका भावानं हे घासणं शिकून घ्यावंच. माणसांचं गणित साधं आहे: एका मोतद्दाराला, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याला, तीन घोडे. चौथा दिला की पहिल्यांदा खरारा सुटतो, मग खूर, मग पाण्याच्या बादल्या. आणि पागेशेजारी रात्री कोणीतरी झोपलं पाहिजे. घरचं केंद्र असण्याचा खरा फायदा हाच आहे, पोटशूळ बहुधा रात्रीच उठतो. बोर किंवा मेळघाटाच्या बाजूला बिबट्या असतो, शिंगरू रात्री जाळीच्या आतच.

शिकवणी ४० मिनिटांची, एका घोड्याच्या दिवसाला तीन, आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुटी. पाचांतला एक नेहमी आरामात. चढायला दगडी ओटा बांधा, जमिनीवरून ओढून चढलं की घोड्याची पाठ आणि खोगीर दोन्ही सरकतात. रिकिबीची (पाय ठेवायच्या कड्याची) लांबी स्वाराच्या हाताएवढी, बोटं खोगिराला लावून रिकीब काखेत पोचली पाहिजे. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) दोन बोटं सरकतील इतका, आणि दहा मिनिटं चालवल्यावर पुन्हा बघा. बरेच घोडे तंग आवळताना पोट फुगवतात, मग तो सैल पडतो आणि खोगीर स्वारासकट पोटाखाली फिरतं. नवशिक्यांच्या बऱ्याच पडण्यांमागे एवढंच कारण असतं. टाच असलेले बूट आणि शिरस्त्राण नसेल तर बसवायचं नाही, चप्पल रिकिबीतून आरपार जाते. पहिले पाच दिवस दोरीवर, लगाम न देता. मांड बसल्यावरच लगाम हातात. उलटं केलं की शिकणारा लगामाला लोंबकळून तोल सांभाळतो आणि घोड्याचं तोंड कठीण होतं. काटेरी लगाम तर कायद्यानंच बंद आहे, १९६५ च्या ओझेवाहू जनावरांच्या नियमांत. त्याच नियमांत ३७ अंशांच्या वर तापमान असताना दुपारी १२ ते ३ काम घेऊ नये असंही आहे, आपल्याकडे हे जवळपास तीन महिने लागू होतं.

रपेटीला धुऱ्यांवरून जाल तर प्रत्येक वावरवाल्याला आधी विचारा, आणि मुद्दाम विचारा की रानडुकरांसाठी तारेत करंट सोडता का. पहाटेच्या अंधारात अशी तार दिसत नाही, घोडा आणि स्वार दोघंही जातात. उजाडल्याशिवाय रिंगणाबाहेर पडू नका.

पैशाचा हिशेब वर्षाच्या दिवसांवरून काढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पूर्ण काम, मार्च आणि ऑक्टोबर निम्मं, पावसाळ्यात उघडीप मिळेल तसं, उन्हाळ्यात फक्त सकाळ. सगळं मिळून २०० पूर्ण दिवस धरा, चार घोड्यांच्या २,४०० शिकवण्या, त्यातल्या साठ टक्के भरल्या तर १,४४०. वर्षाचा एकूण खर्च, डॉक्टर आणि विम्यासकट, १,४४० नं भागा. त्याखाली दर नेऊ नका. लीद रोज ८० ते ८५ किलो निघते. चार महिने खड्ड्यात कुजवली की वरूड-मोर्शीकडचे संत्रावाले घेतात. ती ताजी विकू नका, तणाचं बी त्यात जिवंत असतं. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी करून ठेवा. आणि पहिली पन्नास पोरं गावातली असू द्या, फी ऐवजी आठवड्यातून दोन सकाळी खरारा आणि लीद. त्यांच्यातूनच पुढचे मोतद्दार आणि शिकवणारे तयार होतील.

मग पुढच्या डिसेंबरात, गंजी लागलेली आणि टाकी भरलेली असताना, घोडे घ्या. सौदा ठरवताना ग्लँडर्सची रक्ततपासणी ही अट ठेवा. हा आजार माणसालाही होतो, आणि २००९ च्या कायद्याप्रमाणे त्याची माहिती पशुसंवर्धन खात्याला द्यावीच लागते. नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जातो, अहवाल येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. गाडीत तळाला वाळू, मान खाली करता येईल इतकी दोरी सैल, दर चार तासांनी थांबून पाणी. मान वर बांधून दहा-बारा तास आणलेल्या घोड्याला फुप्फुसाचा ताप येतो. उतरल्यावर पहिल्या दिवशी फक्त पाणी आणि कडबा, चंदी नाही. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहा. विक्रेत्याकडचा थोडा चारा सोबत आणा आणि दहा दिवसांत हळूहळू आपला मिसळा. एकवीस दिवस वेगळ्या कोठ्यात, वेगळी बादली, वेगळा खरारा. बाविसाव्या दिवशी खोगीर घाला, आणि त्या दिवशी पाठीवर कोणी बसवू नका, नुसतं तंग आवळून वीस मिनिटं रिंगणात चालवा.